लम्पर्सचं एकुलतं एक गाणं

फोन थेल्माने उचलला. त्या घरात फोन उचलायचं खातं गेली चार वर्षं तिच्याकडेच होतं, कारण विल्फने उचलला की पलीकडचा माणूस घाबरून ठेवून द्यायचा. घशाच्या कॅन्सरमध्ये विल्फ ओडलिंगची स्वरपेटी काढून टाकली होती. तेव्हापासून तो गळ्याला एक यंत्र टेकवून बोलायचा. दाढीच्या यंत्राएवढं होतं ते, आणि आवाजही साधारण त्याच जातीचा. ओठ हलायचे विल्फचे, आवाज यायचा यंत्राचा. राग असो, लाड असो, भूक लागलेली असो, सूर तोच. एकदा टेलिफोनच्या बाईने लाइन खराब आहे म्हणून तक्रारच लिहून घेतली होती. विल्फ हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, त्याच सुरात.

"मिस्टर ओडलिंग इथेच राहतात का? लम्पर्समध्ये गायचे ते?" पलीकडून एका पुरुषाने विचारलं.

"कशामध्ये?"

"लम्पर्स. ग्रिम्सबीचा बँड. रिदम अँड ब्लूज वाजवायचे. चौसष्ट-पासष्ट साल."

थेल्माने मान वळवून स्वयंपाकघरात पाहिलं. लम्पर्समध्ये गायचे ते गृहस्थ बनियनवर उभे राहून टोस्टला लोणी फासत होते.

"इथेच राहतात," ती म्हणाली. "पण आता गात नाहीत."

लग्नाला वीसेक वर्षं उलटून गेली होती आणि तेवढ्या काळात विल्फ कधीच गायला नव्हता. आंघोळ करताना नाही, नाताळात नाही, चार ग्लास बिअर रिचवल्यावरही नाही. तरुणपणी त्याचा बँड होता एवढं तिला ठाऊक होतं. पण त्या काळात ग्रिम्सबीत ज्या पोराकडे कंगवा होता त्याच्याकडे बँड होता, असंच ती धरून चालली होती.

फोन करणारा माणूस डेस्मंड टर्व्ही नावाचा होता, लेस्टरचा. विम्याच्या कचेरीतून वेळेआधी निवृत्त झालेला. आता तो कुणी न विचारलेले जुने बँड शोधून काढायचा आणि त्यांची गाणी सीडीवर छापायचा. स्वीडन आणि जपानमध्ये काहीशे लोक ती विकत घ्यायचे म्हणे. तो इतक्या आस्थेने बोलत होता की याला घरात ऐकून घेणारं कुणी नसणार हे थेल्माने तिथेच ओळखलं.

"एक रेकॉर्ड आहे," तो म्हणाला. "एकच. लंडनच्या कंपनीला पाठवायला नमुना म्हणून करून घेतलेली. कंपनीनं ती परत पाठवली. ती रॉय स्टॅम्परच्या घरी राहिली असावी, त्यांच्या गिटारवाल्याच्या. क्लीथॉर्प्सच्या धक्क्यावर लम्पर्सना ऐकलेला एक माणूस मला भेटला होता. तो म्हणाला, तसं गाणारा गोरा पोरगा त्यानं पुन्हा पाहिला नाही. मिस्टर ओडलिंगांचा आवाज फक्त त्या एका रेकॉर्डवर आहे."

फोन ठेवल्यावर थेल्मा जिन्याच्या पायरीवरच बसून राहिली.

विल्फचा आवाज ती विसरायला लागली होती. ऑपरेशनच्या गडबडीत कुणाला सुचलं नव्हतं की याचं चार वाक्यं बोलणं टेप करून ठेवावं. लग्नाचे फोटो होते, पण फोटो काय बोलणार. पहिलं वर्षभर तिला तो डोक्यात नीट ऐकू यायचा. "थेल्, किटली ओरडतेय" असं तो बाहेरच्या खोलीतून म्हणायचा ते. मग एके सकाळी तिने ते वाक्य आठवून पाहिलं आणि ते यंत्राच्या आवाजात आलं. त्यानंतर दरवेळी तसंच आलं. तिने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. माणूस समोर बसून टोस्ट खातोय आणि बायको त्याच्यासाठी रडतेय, म्हणजे लोक वेड्यातच काढणार.

विल्फला तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने टोस्ट खाली ठेवला, रुमालाला बोटं पुसली आणि यंत्र उचललं.

"काही उरलं नसेल त्यात. नको जायला."

"का नको? दर जानेवारीत तू जातोसच की त्या रॉयच्या म्हाताऱ्या आईकडे."

"चहा प्यायला जातो."

"मग मीही चहा प्यायला येते."

"लंडनवाला काय म्हणाला होता ठाऊक आहे? पोरगा मासे विकल्यासारखा गातो."

"मग? मासे विकणाऱ्यांच्या गावचाच होतास ना? ऑपेरात कोण घेणार होतं तुला?"

विल्फ खांदे हलवून हसला. हसायलाही आता त्याला आवाज नव्हता. पण तो तयार झाला नव्हता, हे तिला कळलं होतं. तिने डेस्मंडला फोन करून शनिवार ठरवून टाकला.

शनिवारी डेस्मंड आपली जुनी गाडी घेऊन लाउथला त्यांच्या घरी आला. डिकीत त्याने एक रेकॉर्ड प्लेअर आणि टेप मशीन ब्लँकेटात गुंडाळून आणलं होतं, तान्ह्या मुलाला न्यावं तसं. वाटेत तो विल्फला एकामागून एक प्रश्न विचारत होता. कुणाचा अॅम्प्लिफायर, कुठली गिटार, माउथ ऑर्गन कोण वाजवायचं. विल्फ यंत्रातून तुटक उत्तरं देत होता. नाव लम्पर्स का, तर विल्फ आणि ड्रमवाला गोदीत लम्पर होते, पहाटे बोटीतून मासे उतरवायचे. रॉय मात्र बोटीवर जायचा. तीन आठवडे आइसलंडच्या समुद्रात, मग दोन-तीन दिवस घरी. त्या दोन-तीन दिवसांत बँड वाजायचा.

"म्हणजे तुम्ही महिन्यातून दोनच दिवस वाजवायचात?" डेस्मंडने विचारलं.

"रॉयशिवाय काय वाजवणार," यंत्र म्हणालं.

मग डेस्मंडने आतापर्यंत शोधलेल्या बँडांबद्दल सांगितलं. हलचा एक, संडरलँडचा एक, मेडवेकडचे दोन. त्याच्या गोष्टीतली निम्मी माणसं मेलेली होती, आणि उरलेल्यांना फोन केला की ती "कुठला बँड?" म्हणायची. कुणाच्या टेप पुसून त्यावर दुसरं काही भरलेलं, कुणाच्या पुरात गेलेल्या. थेल्माला मागच्या सीटवर बसून वाटलं, हा माणूस बँड शोधत नाही, कबरी मोजतोय. पण तिलाही तेच हवं होतं जे त्याला हवं होतं.

ग्रिम्सबीच्या गोदीत एक बोट दिसेल तर शपथ. बर्फाचा कारखाना बंद पडून काळा झाला होता. मिसेस स्टॅम्परच्या गल्लीत अर्ध्या घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यांच्या दाराची पायरी मात्र घासून पांढरी केलेली होती.

मिसेस स्टॅम्पर पंच्याऐंशीच्या पुढच्या होत्या, लहानखुऱ्या आणि ताठ. त्यांनी विल्फचा चेहरा दोन्ही हातांत धरला, थेल्माला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही होय तुझी बायको. इतकी वर्षं लपवून ठेवलीस ती? खाऊन टाकली असती का मी?"

मग चहा झाला, आणि मनुके घातलेल्या पावाच्या जाड कापांवर चीज. डेस्मंडने तीन काप खाल्ले. थेल्माची नजर दाराकडे गेली. दारामागच्या खुंटीवर फिकट निळा कोट होता, गोदीतली पोरं तेव्हा शिवून घ्यायची तसा, पाठीवर चुण्या घातलेला. कोटाखाली पांढरा शर्ट. त्याची कॉलर आता पिवळी पडली होती आणि तिच्या घडीत मळाची जुनी रेघ दिसत होती. बाकी घर इतकं लख्ख होतं की तो शर्ट डोळ्यांत खुपत होता.

मिसेस स्टॅम्परनी तिची नजर पाहिली.

"रॉयचा आहे," त्या म्हणाल्या. "धुतलेला नाही. धुता येत नाही ना."

"का?"

"तू गोदीतली नाहीस, बाळा. माणूस बोटीवर निघाला की त्या दिवशी घरात धुणं काढायचं नाही. काढलं की पाणी त्याला धुऊन नेतं. निघताना हात हलवायचा नाही, दारात उभं राहायचं नाही, 'जातो', 'येतो' असलं काही म्हणायचं नाही. तो नुसता उठतो आणि बाहेर पडतो. माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं." त्यांनी कपात साखर घातली, ढवळली. "रॉय बोटीवर निघायचा होता त्या दिवशी सकाळीच टपालानं ही रेकॉर्ड परत आली. लंडनवाल्यांना नको होती. रॉयनं ती रेडिओग्रामवर लावली आणि म्हणाला, 'आई, बस आणि ऐक. संपेपर्यंत उठू नकोस.' मी बसले. गाणं चालू असतानाच टॅक्सी आली. तो गेला. मी दार लागल्याचं ऐकलं, टॅक्सी वळल्याचं ऐकलं. मग मी उठले आणि सुई उचलली."

"गाणं संपायच्या आधी?" डेस्मंडने विचारलं.

"आधी. मला काय म्हणायचंय, गाणं संपलं नव्हतं तोवर तो घरातून गेला असं झालं नव्हतं ना. पुढं जानेवारीत बोट अंगावर साचलेल्या बर्फानं उलटली म्हणून निरोप आला. सगळीच्या सगळी माणसं गेली. मी रेकॉर्ड लावली, आणि त्याच जागी सुई उचलली. रोज तेच करते, सकाळी चहा झाला की. तो दिवस काही मी उरकू दिला नाही. आणि तो दिवस उरकला नाही तर धुणं काढणार कशी? माझे कपडे मी कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडे देते. या घरात धुणं काढलेलं नाही."

हे सगळं त्यांनी इतक्या व्यवहारी सुरात सांगितलं की हसावं की रडावं ते कळेना. थेल्माने विल्फकडे पाहिलं. तो खाली गालिच्याकडे बघत होता.

"लावते," मिसेस स्टॅम्पर उठल्या. "तुम्ही एवढ्या लांबून आलात."

डेस्मंड एकदम उभा राहिला. "थांबा हो. मी मशीन आणलंय. माझी सुई फार हलकी आहे, म्हणजे—"

"मी माझ्याच मशीनवर लावते, पोरा. बस तू."

रेडिओग्रामचं झाकण वर गेलं. त्यातली सुई नांगराच्या फाळासारखी जाड होती. डेस्मंडचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला ठाऊक होतं ते थेल्माला त्याने गाडीतच सांगितलं होतं, फक्त तिने कानाआड केलं होतं. नमुन्याची रेकॉर्ड म्हणजे दुकानातली रेकॉर्ड नव्हे. पत्र्यावर लाखेसारखा मऊ थर देतात आणि त्यावर गाणं कोरतात. चार वेळा ऐकायची, साहेबाला ऐकवायची आणि ठेवून द्यायची. प्रत्येक वेळी सुई तिच्यातलं थोडं खरवडून नेते.

सुई टेकली. कढईत मासे सोडल्यावर होतो तसा आवाज सुरू झाला, आणि तो तसाच होत राहिला.

थेल्मा वाट बघत होती. त्या चर्र आवाजाच्या खाली काहीतरी असेल म्हणून तिने डोळे मिटले, श्वास धरला. काही नव्हतं. कुठेतरी खोल, दोन गल्ल्या पलीकडे कुणी पेटी आपटत असावं तसा ठोका होता, तोही असेलच असं नाही.

"हवेनं जरा खरखर येते," मिसेस स्टॅम्पर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी बोट वर केलं. "आता रॉय. हा. बघ कसा आला." त्यांचं बोट हवेत सुरावर हलत होतं. "आणि आता विल्फ म्हणतो, माझी वाट बघू नकोस, चहा तेवढा टाकून ठेव. किती ओरडायचास रे तू, विल्फ. शेजारच्यांनी भिंत ठोकली होती."

थेल्माने डोळे उघडले. विल्फचे ओठ हलत होते. यंत्र त्याच्या मांडीवर होतं आणि तो त्या खरखरीबरोबर, एक शब्द न चुकता, ओठांनी गात होता. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. वीस वर्षांत तिने त्याला गाताना पाहिलं नव्हतं, आज पाहिलं, आणि आवाज नव्हता.

मिसेस स्टॅम्परनी पुढे होऊन सवयीच्या अंगठ्याने सुई उचलली. "बस. इथवरच," त्या म्हणाल्या.

डेस्मंडने परवानगी घेऊन रेकॉर्ड हातात घेतली आणि खिडकीपाशी उजेडात तिरकी धरली. सगळी राखाडी झाली होती, घासलेल्या तव्यासारखी. फक्त मधल्या कागदाजवळ बोटाच्या पेराएवढी एक पट्टी उरली होती, काळीभोर, ओली असल्यासारखी चकाकणारी.

मिसेस स्टॅम्पर किटली भरायला आत गेल्या तेव्हा थेल्माने विल्फच्या बाहीला धरलं.

"तुला ठाऊक होतं."

विल्फने यंत्र गळ्याला लावलं. "दर वर्षी थोडं कमी व्हायचं. आधी माउथ ऑर्गन गेला. मग मी गेलो."

"आणि तू तिला बोलला नाहीस?"

"काय बोलू? आई, सुई उचला, तुम्ही पोराला खरवडताय?"

"अरे पण टेप करून घ्यायचीस एखाद्या वर्षी. साधं कॅसेटचं मशीन न्यायचं."

"कुणासाठी?" यंत्र म्हणालं. "कुणी मागितलं होतं?"

थेल्मानेही मागितलं नव्हतं. तिला फार राग आला. लंडनवाल्याचा, विल्फचा, त्या म्हातारीच्या जाड सुईचा. आपल्या नवऱ्याचा आवाज एका परक्या बाईने रोज सकाळी चहानंतर थोडा थोडा संपवला आणि नवऱ्याने शेजारी बसून तो संपू दिला, असं तिला वाटलं. हा अन्याय होता, आणि तो करणारं कुणी वाईट नव्हतं, म्हणून तर तो जास्त लागला.

विल्फने कप गोळा केले आणि तो स्वयंपाकघरात धुवायला गेला. मिसेस स्टॅम्पर बाहेर येऊन बसल्या. आत नळ सुरू झाला, भांड्यांचा आवाज यायला लागला.

डेस्मंड खाली वाकून हळूच म्हणाला, "मिसेस ओडलिंग, ती पट्टी बघितलीत? तिथं सुई गेलेलीच नाही. लंडनवाल्यानं लावली असेल तेवढीच. शेवट आहे तो गाण्याचा. तो अगदी कोरा असणार, काल कापल्यासारखा."

"विल्फ आहे त्यात?"

"शेवटचं कडवं असेल. बहुतेक गाण्यांत असतं."

विल्फला विचारायला हवं होतं. चार पावलांवर तो उभा होता, नळाखाली कप धरून. पण विचारलं तर तो नको म्हणेल, म्हातारीला त्रास देऊ नकोस म्हणेल, हे थेल्माला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने विचारलं नाही. ती मिसेस स्टॅम्परच्या पुढ्यात स्टूल ओढून बसली.

"मला शेवट ऐकायचाय," ती म्हणाली. "एकदाच. डेस्मंडच्या मशीनवर."

"शेवट मी वाजवत नाही, बाळा. सांगितलं ना."

"तुमचा रॉय तुम्हाला रोज सकाळी भेटतो. माझा माणूस माझ्यासमोर बसतो आणि मला चार वर्षांत भेटलेला नाही. त्याचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही हो. मी आठवायला गेले की ते यंत्र बोलतं." तिने रेकॉर्डकडे बोट दाखवलं. "त्या तेवढ्याशा पट्टीत तो आहे. दुसरीकडे कुठंच नाही."

मिसेस स्टॅम्परनी खुंटीकडे पाहिलं.

"विल्फला हवंय?" त्यांनी विचारलं.

"हो," थेल्मा म्हणाली. "त्याच्यानं तुमच्यापाशी बोलवत नाही, म्हणून मी बोलतेय."

हे धडधडीत खोटं होतं. म्हातारीने ते खरं मानलं, कारण विल्फ त्यांच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, आणि ही विल्फची बायको होती.

"इतकी वर्षं येतो बिचारा," त्या म्हणाल्या. "एकदा काही मागितलं नाही त्यानं. बँडमधली बाकीची पोरं जिवंत होती, तीही आली नाहीत. लावा. विल्फसाठी लावा."

डेस्मंडने गाडीतून मशीन आणलं, घाईघाईने ब्लँकेट सोडलं, वायरी जोडल्या, टेप सुरू केली. त्याने ती केसाएवढी बारीक सुई बरोबर काळ्या पट्टीच्या कडेवर सोडली.

गिटार वाजली.

खोलीत कुणी येऊन बसावं आणि वाजवायला लागावं इतकी स्वच्छ. नुसती गिटार, मागे हलके ड्रम. चढत, अडत, पुन्हा चढत, लाडात येऊन रेंगाळत. थेल्माला संगीतातलं फारसं कळत नव्हतं, पण हे ज्याने ऐकून परत पाठवलं तो माणूस बहिरा असणार, एवढं तिला कळलं. डेस्मंडने तोंडावर हात धरला होता. थेल्मा पुढे झुकून बसली होती. आता येईल, ती स्वतःला सांगत होती, आता कडवं येईल. गिटार खाली उतरली, एका सुरावर थांबली. तो सूर विरत विरत गेला. मग खुर्ची करकरली, आणि एक तरुण आवाज, हसत, अगदी जवळून बोलला.

"झालं का? मग चला, निघू या."

विल्फचा नव्हता तो आवाज. सुई मधल्या कागदापाशी गेली आणि टक टक करत गोल फिरत राहिली. डेस्मंडने ती उचलली.

आतला नळ बंद झाला होता. विल्फ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, खांद्यावर फडकं. त्याने एका हातातला कप टेबलावर ठेवला, खिसा चाचपून यंत्र काढलं आणि गळ्याला लावलं.

"शेवटी मी गात नाही," ते म्हणालं. "नुसता रॉय वाजवायचा. मला विचारायचंस."

तो रागावला होता की रडत होता की तिची कीव करत होता, ते थेल्माला समजलं नाही. सूर तोच होता, लोणी संपलंय सांगतानाचा. ज्या आवाजावरून ते समजलं असतं तो आता कुठेच उरला नव्हता, आणि तो शोधायला जागाही उरली नव्हती.

मिसेस स्टॅम्पर हलल्या नव्हत्या. त्यांचं बोट अजून वर होतं, गिटार आली तेव्हा केलेलं. त्यांनी ते हळूच खाली घेतलं.

"रॉय म्हणाला, निघू या," त्या म्हणाल्या.

"टेपवर आलंय सगळं," डेस्मंड पुटपुटला. त्याचे डोळे ओले होते, आणि तो आनंदात होता हे तो लपवू शकत नव्हता. "तुम्हाला कॉपी करून देतो मी. हवं तितक्यांदा ऐका, ही झिजणार नाही. आता लावू का परत?"

"नको, पोरा. संपलं ना ते."

त्या खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. थेल्मा मदतीला पुढे झाली. त्यांनी तिचा हात नुसता बाजूला केला, रागाने नाही. रेडिओग्रामचं उघडं राहिलेलं झाकण त्यांनी जाता जाता लावलं. मग दारामागे जाऊन निळा कोट एका हाताने उचलून धरला आणि खालून शर्ट काढून घेतला. खांद्याला खुंटीचा गंजका डाग पडला होता. त्यांनी तो बोटाने चोळून पाहिला.

विल्फ दारातून बाजूला झाला. त्या त्याच्याजवळून स्वयंपाकघरात गेल्या. सिंकमध्ये बूच बसवल्याचा आवाज आला, मग नळाखाली साबणाची वडी चोळल्याचा, आणि मग बराच वेळ नुसतं पाणी भरत राहिलं.